मागच्या सीटवर

वडिलांचे दिवस करून सुनेत्रा जेद्दाला परतली होती. विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत तिच्यापुढे सायप्रस फिरून आलेले एक म्हातारे आणि त्यांची लेक बोलत होती.

“अब्बा, गाईड म्हणत होता, ती चार चाकांची क्वाड बाइक लेकीला चालवू द्या.”

“तीस वर्षं इथे सौदीत, अल खर्जला दुधाचा टँकर चालवला मी. त्याला काय ठाऊक?”

“बाकीचे जेवून उठले, तरी आपण डोंगरातच.”

“बकऱ्या आडव्या आल्या.”

“एकच होती, अब्बा.”

“तू लहान असताना मी इथे, तू गावी. एकदासुद्धा गाडीत बसवलं नाही तुला.”

“काल दिवसभर बसवलंत की.”

म्हातारे खिसे चाचपू लागले. “पासपोर्ट कुठे ठेवला?”

“ताई, तुम्ही व्हा पुढे,” लेक मागे वळून सुनेत्राला म्हणाली.

“सावकाश शोधू दे त्यांना,” सुनेत्रा म्हणाली. “मी थांबते.”