आबांना आलेली चक्कर

हॅलो?… हॅलो, कोण?… व्हय, धनश्रीच बोलतीय, कवठ्यावरनं… आगं बया, वन्सं तुम्ही! दौंडावरनं? जरा मोठ्यानं बोला, तुमच्या मागं इंजिन शिट्टी मारतंय…

आबा? आबा बरे हायेत… बरे म्हंजी ठणठणीत हायेत. न्हाई, लपवत न्हाई… अहो, आधी रडू नका. चक्कर आली म्हणून कुणी सांगितलं?… व्हय का. तुमच्या भावानं. वाटलंच मला.

ऐका तरी… अहो वन्सं, ऐका! मी न्हाई पळवलं आबांना. सून हाय म्हणून सगळं माझ्याच माथी का? मॅरेथॉनची टूम तुमच्या भावाची, शंभूची… व्हय, कंपनीतली. रांजणगावला सायबानं सांगितलं, जो बापाला घेऊन पुण्यात पळंल त्याचा फोटो हापिसात मोठ्या फ्रेमात लावणार. झालं! त्या दिवसापास्नं बापावरची माया निसती उतू चालली. "आबा, दूध घ्या. आबा, केळं खा." तीन वर्सं बापाला पाणी विचारलं न्हवतं ह्या माणसानं…

कसला आलाय सराव! आठ दिवस आरशापुढं. पांढरे बूट, हाफ चड्डी, कपाळाला पट्टी. आन् आबा? धोतर वर खोचलं, पायात त्याच वहाणा… व्हय, त्याच, करकर वाजणाऱ्या. वय सदुसष्ट, पण सगळा जलम मेंढरांमागं गेलेला. त्यांना एकवीस किलोमीटर म्हंजी… बरोबर! कोकणात मेंढरं नेऊन आणलेला माणूस तो.

मग काय, बंदूक वाजली आन् तुमचे बंधुराज सुटले, जसं काय मागं कुत्रं लागलंय. आबा आपले एका चालीनं मागनं… मी? मी डबा घेऊन मैदानात बसले व्हते, शर्यत संपते तिथं… न्हाई, मी डोळ्यांनी न्हाई बघितलं. कसं कळलं ते सांगते ना, दम धरा.

आठव्या किलोमीटरला हे फूटपाथवर बसलेले. खाल्लेली सगळी केळी बाहेर. आबा पोचले, पाठ चोळली, पाणी पाजलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या पोरांनी म्हातारा बघितला, धोतर बघितलं आन् आबांनाच धरलं, "आजोबा, त्रास होतोय का?" आबा म्हणायला गेले, मला न्हाई, ह्याला… आन् तुमचा भाऊ काय म्हणाला माहीत हाय? "व्हय, आबांनाच चक्कर आलीय. मी येतो त्यांच्यासंगं."

आता एवढ्या मोठ्यानं नको, वन्सं, कान फुटतोय माझा…

व्हय, वन्सं. धडधाकट माणसाला स्ट्रेचरवर निजवलं आन् आपण शेजारी बसून मैदानातल्या डॉक्टरच्या तंबूपत्तर आरामात आले… आबा? निजले की गपगुमान, टोपी डोळ्यांवर ओढून. खाली उतरवलं तवा ह्यांनी बापाचा हात धरलेला, डोळ्यांत पाणी. सायब म्हणतोय, "मुलगा असावा तर असा!" खट्‌कन फोटो. तोच लावलाय फ्रेमात…

आबांनीच सांगितलं मला. चार दिवस मी मागं लागले व्हते, तवा भाकरी मोडता मोडता बोलले. म्हणाले, "पोरगा हाय. चारचौघांत त्याची अब्रू जाण्यापरीस माझी गेलेली बरी." वर शपथ घातली, कुणाला सांगू नको.

मोडली मी शपथ! पाप लागंल तर लागू द्या. हे आता म्हणत्यात, आबा थकले, मेंढरं इकून टाकू, आबांना ताईकडं धाडू… तुम्हाला बी तेच सांगितलं ना? तुमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत काय करतील वो ते? मालगाडीचे डबे मोजतील?… परवा व्यापारी आला, मेंढरांच्या पाठी चाचपून बघत व्हता. आबा उठून आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मला न्हाई बघवलं, वन्सं…

रडत न्हाई मी. पडसं झालंय.

आज व्यापारी गाडी घेऊन येणार व्हता. म्हणून सकाळी मीच भाकरी बांधून दिली. म्हणलं, आबा, घ्या मेंढरं आन् जावा घोडनदीच्या काठानं, कुठं जाताय ते मला बी सांगू नका… व्हय, आला ना! रिकामी गाडी घेऊन गेला माघारी. हे फटफटीवर शोधायला गेल्यात, दुपार कलली. चक्कर आलेला म्हातारा काही गावंना बघा!…

हसा, हसा… मग, ठेवून घेणार न्हाई ना आबांना दौंडला? तुमच्या तोंडून ह्यांना सांगाल?… थांबा, फटफटी वाजली. आले वाटतं… आले. एकटेच.

अहो, ताईंचा फोन हाय. घ्या… वन्सं, नको म्हणत्यात. डोकं दुखतंय म्हणत्यात… अहो, बोलू नका, निसतं ऐका. त्यांना सगळं ठावं झालंय… वन्सं, मी धरते फोन ह्यांच्या कानाला, तुम्ही करा सुरुवात. मोठ्यानं!… अहो, अहो, वायर कशाला ओढ—