दुरडीतल्या पाच भाकरी

सेलूच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघता बघता दैवशालाचे कान मागच्या बाकावरच्या दोघींकडे लागले.

“कमलआक्का, लागलं का खानावळीतलं काम? आबासाहेब तर तुमच्या भावकीतलेच.”

“मला बी तसंच वाटलं होतं, छबू. पर ते चुलीपाशी फिरकलेच न्हाईत. कामासाठी आलेल्या आमा पाची जणींच्या भाकरी एकाच दुरडीत ठिवायला लावल्या. आपापली खूण खालच्या अंगाला.”

“मंग?”

“एकेकीचा तुकडा चाखला. एका भाकरीपाशी थांबले. म्हनाले, ‘हा हात पाह्यजे.’ उलटून बघितली, तर खूण गयाबाईची.”

“भीमनगरातली गया? अगं माय! या नामांतराच्या दिवसांत?”

“गयाच बोलली, ‘मालक, गिऱ्हाईक उठून जाईल.’”

“आन आबासाहेब?”

“जेवनाऱ्यांच्या मधोमध जाऊन मांडी घातली, आन हाक मारली, ‘गयाबाई, वाढा.’”

परभणीची गाडी लागली. दैवशाला जागची हलली नाही.

“कोनी उठलं का, आक्का?”

“दोघं उठले.”

“आन तुमी?”

“मी त्यातल्या एकाच्या ताटावर बसले, बाई. तशी भाकर माझ्या हाताला कवाच आली न्हाई.”