मुलगी बघायला लिवाला

नाही हो हेमाताई, लागलं नाही कुठं, हसू आवरत नाहीये फक्त — थांबा, पदरातली वाळू झटकू द्या. पैठणी नेसून या मोरीबच्या वाळूच्या टेकडीवरून बसल्या बसल्या घसरत आले मी, या वयात, तेही होणाऱ्या विहीणबाईंसमोर — होणाऱ्या म्हणजे, तुमचा होकार आला तर. तुमचा सत्यजित नि आमची पर्णिका बघा अजून वरच — दहा मिनिटं बोलून घ्या म्हणून पाठवलं, झाला दीड तास. बोलतायत कसले, शर्यती लावतायत. आणि पुरुषमंडळी गाडीत डुलक्या काढतायत.

बघण्याचा कार्यक्रम कुणी लिवाला ठेवतं का, सांगा — पण ह्यांनी इथल्या रेस्ट हाउसचं प्लंबिंग केलेलं, दोन खोल्या मिळत होत्या. तुमचं अबू धाबी नको, आमचं उम्म अल कुवैन नको, मध्ये कुठंतरी भेटू म्हणाले, आणि हे ह्यांचं मध्ये — अबू धाबीच्याही कितीतरी पुढे, आणि याच्यापुढे नुसती वाळू. पण खरं सांगू? वीस वर्षं झाली मला या देशात, आणि वाळवंट मी आज पाहिलं. पहिल्यांदा. सुटी आली की गावी — सासूबाईंचं औषधपाणी, दिरांची कामं, बॅगेत सगळ्यांचे साबण नि टँग. कुठं जाऊ या म्हटलं की हे म्हणणार, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. आज वर चढले — दोनदा बसले मध्येच, गुडघे बोंबलत होते — आणि चहूकडे ते बघून मला आपलं रडूच आलं. लेक म्हणते, ‘आई, जस्ट स्लाइड.’ घसरले.

काय सांगत होते मी? हां, चकल्या. सकाळी तुम्ही विचारलंत ना, कुणी केल्या — मी म्हटलं, पर्णिकानं. तर तिनं नाही केल्या. शेजारच्या आशानं केल्यात, आमच्या बाईसाहेबांना तळण म्हटलं की घाम फुटतो — बोलून गेले बघा. ह्यांनी बजावलं होतं, कमी बोल. आता निघालंच आहे तोंडातून तर सगळंच ऐका. वरण-भात येतो तिला, खलास. नोकरी ती सोडणार नाही. आणि सुटीत चार दिवस तुमच्या गावी राहील, तुमचं सगळं करील, पण उरलेली सुटी तिची — तिला जिथं जायचं तिथं ती जाईल. हे मी मागतेय हेमाताई, आणि हात जोडून नाही, सरळ मागतेय. माझ्यासाठी कुणी मागितलं नव्हतं.

नसेल जमत तर आत्ताच सांगा, राग नाही — स्थळ चांगलं आहे तुमचं, मुलगा तर मला फार आवडला, वाईट वाटेल, खूप वाटेल, पण चालेल. मी तर परत वर निघाले.

चपला कशाला काढताय? वर? तुम्ही? — म्हणजे तुम्हीसुद्धा वाळवंट कधी नाही पाहिलं? सव्वीस वर्षांत?

द्या हात. आता काही बोलू नका, चढताना धाप लागते.