आवाज फुटेपर्यंत

(शाळेच्या बसगाड्या उभ्या करायचं आवार. दुपारची वेळ, मुलं अजून वर्गात आहेत. बाबा बसची पुढची काच पुसताहेत. मुलगी बसच्या पायरीवर बसली आहे.)

बाबा: या बाजूनं बोल. त्या कानाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, माहितीये ना तुला.

मुलगी: म्हटलं, उद्या मी जात नाहीये.

बाबा: गाडी रद्द झाली?

मुलगी: गाडी नाही, मीच रद्द झाले. लष्कराच्या अकादमीत जात नाही मी. या तुकडीबरोबर नाही आणि पुढच्याबरोबरही नाही.

बाबा: बरं.

मुलगी: बरं?

बाबा: तो कोरडा फडका दे इकडे. बरं म्हणजे बरं. आयुष्य तुझं आहे.

मुलगी: पहाटे पहाटे उठवून पळवलंत मला. पाठीवर वाळूची पिशवी बांधून टेकडी चढायला लावलीत. पहिल्या खेपेला मुलाखतीत नापास झाले तर माझ्याऐवजी तुम्ही जेवला नाहीत. आणि आज नुसतं बरं?

बाबा: मग काय करू, तोफा डागू?

मुलगी: भांडा की माझ्याशी. तुम्ही म्हणाल शेपूट घातलंस, मग मी काय म्हणायचं, सगळी उत्तरं घोकून आले होते.

बाबा: म्हण मग ती.

मुलगी: तुम्ही प्रश्नच विचारत नाही, तर उत्तरं कुणाला देऊ? बाबा, तुम्ही विचारत नाही, कारण तुम्ही पाहिलंत. पुलावर.

बाबा: पुलावर काय? वायर जळली, बसमध्ये धूर झाला, पोरं सुखरूप उतरली. गाडी दुरुस्त होऊन आली. वास तेवढा जात नाही अजून. ही बाकडी तीनदा धुतली.

मुलगी: मी त्या दिवशी तुमच्या बसनंच घरी येत होते, मागं उभी होते. तुम्ही नळकांडं घेऊन पुढं आग विझवत होतात. मला ओरडून सांगितलंत, मागचं दार उघड, पोरांना उतरव. मला ऐकू आलं. कळलंसुद्धा. दार हाताच्या अंतरावर होतं आणि मी वरचा दांडा घट्ट धरून नुसती उभी. पाय जमिनीत रुतल्यासारखे. शेवटी पोरांना सांभाळणाऱ्या मावशींनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि दार उघडलं. आणि तुम्ही आरशातून बघितलंत. आपली नजरानजर झाली, बाबा.

बाबा: झाली.

मुलगी: त्यानंतर तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. जेवताना नाही, सकाळी पळताना नाही. मला कळलं, तुमच्या मनातून उतरले मी. आता सांगा, जी बाई लहान पोरांना एका दारातून उतरवू शकत नाही, तिच्या हाताखाली उद्या माणसं द्यायची? तीसचाळीस जणांचा जीव?

बाबा: मनातून उतरलीस असं मी कधी म्हटलं?

मुलगी: म्हणायला लागतं का?

मावशी: ड्रायव्हरदादा, आहात ना? अगंबाई, ही पण इथंच. बरं झालं बाई, तुलाच शोधत होते. उन्हानं पार भाजून निघाले. गेटपासून इथवर यायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांची परीक्षा.

बाबा: काय झालं मावशी? पोरं सुटायला वेळ आहे अजून.

मावशी: सुटायचं नाही हो. ती झिपरी नाही का, पुढच्या दोन दातांची खिडकी असलेली, तिची आई आलीये शाळेत. मला म्हणाली, त्या दिवशी माझ्या लेकीला बाहेर काढलं ती ताई कोण? मी म्हटलं आमच्या ड्रायव्हरदादांची लेक. तर डोळ्यांना पदर लावून बसलीये तिथं. म्हणतीये, भेटल्याशिवाय जाणार नाही.

बाबा: कुणी काढलं बाहेर? सगळ्यांना तर तुम्हीच उतरवलंत.

मावशी: मी बाकीची उतरवली. ही झिपरी राहिली होती ना आत. बाकड्याखाली शिरून बूट शोधत बसली होती. तुम्हाला नाही कळलं? तुम्ही तेव्हा त्या नळकांड्याशी झटत होतात. मी फुटपाथवर पोरांना बसवतीये, रडारड चाललीये, आणि बघते तर ही पोरगी परत बसकडे. मला वाटलं हिचं काही राहिलं असेल. धूर एवढा, की हिची पाठसुद्धा दिसेना झाली. मग आली बाहेर, काखोटीला ती कार्टी. तिच्या एका पायात बूट आणि दुसरा हातात.

मुलगी: मावशी, राहू द्या ना.

मावशी: राहू द्या काय? मला वाटलं घरी सांगितलं असशील. माझा लेक भाजी घेऊन आला तरी गावभर सांगतो. तुम्ही दोघं बापलेक म्हणजे ना, तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत. ये गं भेटून त्या बाईला. मी तिला बसवून ठेवते. दादा, मागचा दिवा लागत नाहीये, तेवढा बघा.

मुलगी: येते म्हणावं थोड्या वेळानं.

मावशी: ये पण नक्की. चालले बाई मी.

बाबा: ...कधी गेलीस आत?

मुलगी: जाऊ द्या ना.

बाबा: विचारतोय मी.

मुलगी: सगळे उतरल्यावर. मी सगळ्यांत शेवटी उतरले, म्हणजे मावशींनी ओढलं म्हणून उतरले. पोरं ओळीनं बसली होती. बघता बघता लक्षात आलं, ती दात पडलेली दिसत नाही. तुम्हाला हाक मारायची होती. तोंड उघडलं, आवाजच फुटेना. मावशींनाही सांगायला गेले, नुसती हवा बाहेर आली. मग काय करणार, गेले. यात शौर्य नाही काही. हाक मारता आली असती तर तुम्हालाच पाठवलं असतं.

बाबा: म्हणून सांगितलं नाहीस?

मुलगी: काय सांगू? आधी पाय गेले, मग आवाज गेला, असं? अधिकाऱ्याला दुसरं काय लागतं, बाबा? पाय आणि आवाज.

बाबा: सरक जरा. बसू दे मला.

मुलगी: इकडून बसा, चांगल्या कानाच्या बाजूनं.

बाबा: मी फौजेत ज्या साहेबांची गाडी चालवायचो ना, मेजरसाहेब, त्यांच्याबद्दल तुला कधी सांगितलंय मी?

मुलगी: ते शिस्तीचे होते, गाडीत कुणाला विडी ओढू द्यायचे नाहीत, एवढंच.

बाबा: काहीही वाकडं झालं, गोळीबार म्हण, दरड म्हण, की साहेब आधी चष्मा काढायचे. रुमालानं पुसायचे. सावकाश, दोन्ही काचा. तोंडातून शब्द नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे. नवी पोरं चुळबुळायची, वाटायचं आता हे कधी बोलणार. पुसून झालं की चष्मा लावायचे आणि मग कोण कुठं जाईल ते सांगायचे. दर वेळी असंच. पुढं पुढं आम्हाला कळलं होतं. त्यांच्या बोटांना कापरं भरायचं. ते थांबेपर्यंत पुसायचे.

मुलगी: तुम्हाला राग नाही यायचा?

बाबा: कशाचा? आम्हालाही कापरं भरलेलंच असायचं की. आमच्याकडे चष्मा नव्हता, एवढाच फरक.

मुलगी: हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

बाबा: नाही. पुढचं ऐकलंस तर अजिबात बरं वाटणार नाही. एकदा त्यांनी मला आणि माझ्या जोडीदाराला जखमी आणायला पाठवलं. घाटरस्त्यानं. चष्मा पुसला, लावला आणि म्हणाले, तुम्ही दोघं जा. वाटेत स्फोट झाला. माझा हा डावा कान गेला.

मुलगी: आणि जोडीदार?

बाबा: तो माझ्या डाव्या बाजूला बसला होता.

मुलगी: हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणायचात, तोफेच्या आवाजानं कान गेला.

बाबा: तुझ्या आईला माहीत आहे. साहेबांचा हुकूम बरोबर होता, चिंगे. आज कुणी विचारलं तरी मी तेच म्हणेन. दुसरा रस्ता नव्हता, आणि जखमी तडफडत होते. पण मी दवाखान्यात पडलेलो असताना ते भेटायला आले. स्टुलावर बसले. बोलले काहीच नाहीत. त्यांनी हात डोळ्यांकडे नेला आणि चष्मा पुसल्यासारखी बोटं चोळायला लागले. चष्मा नव्हताच त्यांनी लावलेला. घरी राहिला असेल. रिकामी बोटं चोळत होते, किती तरी वेळ. मी डोळे मिटून घेतले, झोपल्याचं सोंग केलं. त्यांचा चेहरा बघवेना मला.

मुलगी: मग हे आज का सांगताय?

बाबा: त्या दिवशी आरशात तू दिसलीस, दांडा धरून थिजलेली. खरं सांगू? गाडीत धूर, पोरं रडताहेत, माझा हात भाजतोय आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता ही जाणार नाही. आपण होऊनच जाणार नाही, मला अडवायला नको. म्हणून गप्प होतो. म्हटलं, बोललो तर खपली निघेल आणि ही उलट जिद्दीनं निघेल.

मुलगी: म्हणजे मी इतके दिवस तळमळत होते, कूस बदलत होते, ते तुम्हाला दिसत होतं?

बाबा: दिसत होतं.

मुलगी: आणि तुम्ही तसंच चालू दिलंत.

बाबा: हो.

मुलगी: मग पळवलंत कशाला मला? टेकडी कशाला चढवलीत?

बाबा: तुला हवं होतं म्हणून. आणि मला वाटलं होतं, निवड काही होणार नाही. पोरगी धडधाकट होईल, हौस फिटेल, गोष्ट संपेल.

मुलगी: छान. म्हणजे तुम्हालाही पहिल्यापासून वाटत होतं, मला जमणार नाही.

बाबा: नाही गं. उलटंच आहे. तुला जमणार नाही अशी भीती असती तर मी सुखानं झोपलो असतो. जमेल, याची भीती आहे मला. जमेल, तू माणसं पाठवशील, बरोबर तिथंच पाठवशील. आणि मग एक दिवस कुठल्या तरी दवाखान्यात स्टुलावर बसशील.

मुलगी: तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं हे.

बाबा: हवं होतं. नाही जमलं. आवाज तुझाच फुटत नाही असं थोडंच आहे.

मुलगी: आता मी काय करू, सांगा.

बाबा: ते मी सांगणार नाही. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते विचारात घेऊ नकोस.

मुलगी: तिथं पुन्हा थिजले तर?

बाबा: थिजशील. एकदा नाही, पुष्कळदा.

मुलगी: आणि हुकूम द्यायच्या वेळी आवाज फुटला नाही तर? ते शिकवतात म्हणे.

बाबा: मैदानावर ओरडायला शिकवतात. घसा बसेपर्यंत. बाकीचं काही शिकवत नाहीत, ते ज्याचं त्यानं बघायचं. बरं, मला एक सांग. ती पोरगी बाकड्याखाली होती, तर आली कशी बाहेर? ओढलीस?

मुलगी: ओढत होते, पण येईना. बाकड्याचा पाय धरून बसली होती. म्हणे आई मारेल बूट हरवला तर. धुरानं खोकतीये आणि बूट शोधतीये. मग मी खाली आडवी झाले आणि तिला म्हटलं, आपण दोघी मिळून शोधू, आधी माझा हात धर.

बाबा: म्हटलंस?

मुलगी: हो, म्हणजे... म्हटलं. बूट तिच्या गुडघ्यापाशीच होता. म्हटलं, हा बघ सापडला, आता डोळे मीट आणि मला सोडू नकोस.

बाबा: मोठ्यानं म्हटलंस की हळू?

मुलगी: हळू कशाला? खोकत होती ती, ऐकू गेलं पाहिजे ना. चांगलं खडसावून म्हटलं.

बाबा: मग? धरला हात?

मुलगी: धरला.

बाबा: हं.

मुलगी: बाबा, मला हे आठवलंच नव्हतं. मी आवाज गेला तिथंच थांबत होते. रोज तिथंच.

बाबा: माणूस आपली हार बरोबर लक्षात ठेवतो. बाकीचं दुसऱ्यांनी सांगावं लागतं.

मुलगी: भीती गेलेली नाहीये माझी.

बाबा: राहू दे. माझीही नाही गेली.

मुलगी: तुम्हाला मी जायला नकोय.

बाबा: नकोच आहे. तू तिथून खांद्यावर तारे लावून आलीस तरी नको असणार. त्यावर थांबू मात्र नकोस. बापाच्या भीतीपोटी घरी राहिलीस, तर उद्या मलाच बोल लावशील, आणि ते खरं असेल.

मुलगी: मी जाऊन येते, त्या झिपरीच्या आईला भेटून. काय बोलू तिच्याशी?

बाबा: जे सुचेल ते. नाही सुचलं तर थांब थोडा वेळ. ती कुठं जात नाही.

मुलगी: आणि मग घरी जाते. सामान अर्धंच भरलंय. मुद्दामच अर्धं ठेवलं होतं.

बाबा: जाताना मावशींना सांग, दिवा करतो म्हणावं. आणि ऐक. तुझ्या आईला काय सांगितलंयस?

मुलगी: कशाचं?

बाबा: जात नाहीस म्हणून.

मुलगी: अजून काही नाही. ती सकाळपासून माझ्या बॅगेची चेन बदलत बसलीये, माझी हिंमत नाही झाली. म्हटलं आधी तुम्हाला सांगावं.

बाबा: मग तिला सांगण्यासारखं काही झालेलंच नाही.