फ्रिजवरचे दत्त

हॅलो?… मालन? मी कुंदा… अगं कुंदा, भजनातली… हां, मग बोल की.

गुडघे काय म्हणतायत?… हं… रात्रभर?… शेक घेतलास का?… हो, हो, माझी कंबरही तशीच… अगं ऐक ना. उद्या गुरुवार. सुनंदाकडे भजनाला ये.

तेच कारण नको सांगू… माहितीये, खाली बसवत नाही. आणि खुर्चीत बसलं तर देवापेक्षा उंच होतं… हो गं, तुझ्या आईने शिकवलं, माझ्याही आईने तेच शिकवलंय. म्हणून तर देवालाच वर बसवलंय.

वर म्हणजे फ्रिजवर… फ्रिजवर गं. दत्ताची तसबीर… हसतेस काय?… अंडी? आज बुधवार ना, आज संपवते ती सगळी. सुनंदाची काळजी तू नको करू.

आता सगळ्याच खुर्चीत. शर्मिष्ठासुद्धा… तिचे गुडघे तुझ्याआधीपासून दुखतायत, लाजून बोलत नव्हती.

काय?… नाही जात. भजनाने दुखणं जातं असं कोण म्हणतं? माझं गेलंय का?… पण टाळ हातात आला की त्याला जरा मागच्या रांगेत बसवता येतं. घरी एकटी असलं की मांडीवरच येऊन बसतं मेलं… तेच तर म्हणतेय मी.

हॅलो?… मालन?

रुसलाय कसला देव तुझ्यावर. रुसला तर आमच्यावर रुसेल. गेल्या गुरुवारी बिनहाराचा बसला होता… अगं, हात कोणाचा पोचतो तिथे? माझा खांदा आखडलेला, सुनंदा बुटकी, शर्मिष्ठाला स्टुलावर कोण चढू देणार? शेवटी फ्रिजच्या हँडलला अडकवला हार.

तू उंच आहेस. हात ठीक आहेत ना तुझे?… मग झालं. दोन मिनिटं उभी राहा, मी मागून धरते… हो, याच कंबरेने. पडलो तर दोघी पडू.

रडू नको गं… मलाही करमत नाही तुझ्याशिवाय. बाजूची खुर्ची रिकामी बघितली की चाल चुकते माझी.

काय म्हणालीस?… शेवंतीचा नको? बरं, मोगऱ्याचा आण. जरा लांब बघून घे, तसबीर मोठी आहे.

हो… उशीर झाला तरी चालेल. हार पडल्याशिवाय आरती सुरू करत नाही आम्ही. ठेव आता, शेक घे… हो. ठेवते.