पाचव्या नंबरची रास

आता हेही मीच सांगायचं का? तुमच्या खोलीतल्या त्या फायलीत सगळं छापलंय ना, बाई — जवळपास काय बघाल, एक ते नऊ. किल्ला बघा; चार भिंती उरल्यात, आत कावळे. धबधबा बघा. खाडीवर सील प्राणी पसरलेले असतात ते बघा, त्यांना तुमचं काही पडलेलं नाही. पण नाही — तुम्हाला पाचवा नंबरच पाहिजे, आणि या म्हाताऱ्याच्या पिशवीत दगड कशाला, तेही पाहिजे. बरं. बसा त्या बांधावर. ओला आहे, पण इथं कोरडं काय असतं.

'इच्छापूर्तीची रास' लिहिलंय ना? दगड ठेवा, मनातलं मागा? खोटं आहे ते. ती रास आधी इथं गाड्यांशेजारी नव्हतीच. ती वर खिंडीत होती — ते दोन सुळके दिसतात ना, त्यांच्या मधे. आमच्यातलं माणूस गेलं की पेटी खांद्यावर घेऊन त्या खिंडीतनं पलीकडच्या कबरस्तानात न्यायची. वर पेटी टेकवायची, घोटभर व्हिस्की घ्यायची, आणि ज्यानं खांदा दिला त्यानं एकेक दगड राशीवर ठेवून पुढं निघायचं. माझा आजा तसा गेला, बाप तसा गेला. हल्ली सगळे काळ्या गाडीतनं जातात, वीस मैलांचा वळसा घालून. पण इशबेलनं — माझ्या बायकोनं — सांगून ठेवलं होतं, मला गाडीत घालू नका, मला गाडी लागते. मेल्यावर कसली लागते? पण शब्द दिला होता मी. आठ जणांनी नेली. आठ दगड ठेवले.

पोरगा? रुअरी? तो नव्हता; घराच्या खोल्या तुमच्यासारख्यांना भाड्यानं देतो तो. शनिवार होता ना. शनिवारी जुने पाहुणे जातात, नवे येतात — चादरी बदला, मोरी घासा, सगळं चारच्या आत. तुम्ही झोपता ना, त्याच खोलीत जन्मलाय तो. म्हणाला, बाबा, दफन सोमवारी ठेवू या. मी म्हटलं, तुझी आई काय पाहुण्यांच्या सोयीनं मेली? मग आला, चादरी बदलून, गाडीनं, वळसा घालून. बुटाला चिखल नाही. पेटी कबरीत उतरवायला दोर असतात. उशाकडचा माझा, पायाकडचा थोरल्या पोराचा. तो हात पुढं करून उभा — आणि मी त्याचा दोर उचलून शेजारच्या फारकरच्या हातात दिला. सगळ्या गावादेखत.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

पुढच्या वसंतात त्यानं ती रास ट्रॉलीत भरून खाली आणली. पाहुण्यांना चढवत नाही म्हणे. मी विचारलं, अरे, आईचे दगड होते त्यात! तर म्हणाला, आजा-पणजाची जुनी रास वाटली, आईचेही ठेवलेत हे ठाऊकच नव्हतं. कसं असणार ठाऊक? खिंडीत होता कुठं तो? मग म्हणाला, कोणते आठ ते दाखवा, मी वर नेऊन ठेवतो. आता कोणते दाखवू? दगडाला काय तोंड असतं? म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. म्हणून मीच सगळे नेतो — सकाळी दोन, जमलं तर दुपारी एक. आणि तुमच्यासारखे येतात, नवस बोलून आणखी दोन ठेवतात. समुद्रावरचे. रंगवलेलेसुद्धा असतात.

तो रोज खिडकीतनं बघतो मला जाताना. एकदा बाहेर आला, हातात उशीची खोळ तशीच. तोंड उघडलं, मिटलं, आत गेला. एक शब्द, बाई — एक शब्द बोलला असता तर मी पिशवीचा एक बंद त्याच्या हातात दिला असता. मी बोलायचं? मी कशाला? त्या दोराचं म्हणता? नाही — त्या दोराचं तुम्ही बोलू नका. तुम्ही पाहुण्या आहात, शनिवारी जाल.

उठा आता. मला वर पोचायचंय. माफी कुणी मागायची, हे पुन्हा विचारू नका — त्यानं मागायची. त्यानंच. रुअरी मॅकफेलनं.