फौजदारबाईंसाठी ओटी

एका फौजदारबाईच्या, खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या नॉर्वेच्या प्रसिद्ध बाई सोलापुरात आल्या होत्या. सहीच्या रांगेत ऋतुजा झोपलेली लेक खांद्यावर घेऊन उभी होती. कान मात्र पुढच्या सासू-सुनांकडे.

“आत्या, पिशवीत नारळ कशाला?”

“बाईची ओटी भरायची हाय.”

“अवो, त्या माणसं मारतात पुस्तकात.”

“म्हणूनच की. फुडल्या पुस्तकात फौजदारबाई मरणार, असं तूच पेपरातनं वाचलंस न्हवं? तिची पोर अजून पाळण्यात हाय. ओटी भरली की ही लिवणारी आपली लेक झाली. मग आईचा शब्द मोडती व्हय?”

रांग सरकली. पदर नव्हता म्हणून परदेशी बाईंनी स्कार्फ पुढे धरला आणि नारळ-तांदूळ हसत घेतले. शेजारी त्यांची पुस्तकं मराठीत आणणारे सर बसले होते. त्यांनी आजींचं म्हणणं बाईंना सांगितलं, उत्तर ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

“आजी, उशीर झाला. पुस्तक तिकडं छापून झालंय.”

ऋतुजाने लेकीला जरा घट्ट धरलं.

“मराठीत झालंय का?” आजींनी विचारलं.

“नाही, ते मी आता लिहायला घेणार.”

“मग तिकडं मरू दे बापडी. हितं तेवढी जित्ती ठिवा.”